पेडलवर चालणाऱ्या कयाकच्या गिअरला कोणतं वंगण घालावं?

तुम्ही विचारलंय की गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये पंख्याची पेडल कयाक (पायाने पेडल मारून पाण्यातला पंखा फिरवायची छोटी होडी) चालवता, हल्ली पेडल जड झालंय, करकर वाजतं. दुकानदार म्हणतो बेअरिंगचं ग्रीस ठासून भरा, मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० मारा.

भाऊ, दोन्ही करू नका. पवनीकडे माझं मोटरपंप आणि सायकल दुरुस्तीचं काम आहे, आणि माझी स्वतःचीही अशीच कयाक आहे. पहिल्या वर्षी मीसुद्धा ग्रीस गच्च भरलं होतं. मे महिन्यात कयाक अंगणात उन्हात पडून होती, पारा ४५च्या वर. गिअरच्या डबीत जागाच नव्हती, त्यामुळे तापून फुगलेलं ग्रीस शाफ्टचं सील (दांड्याभोवतीची, पाणी अडवणारी रबरी कडी) ढकलून बाहेर आलं. पुढे पावसाळ्यात गिअरबॉक्स उघडला तर आतून ताकासारखं पांढुरकं पाणी निघालं आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके. तेव्हापासून मी अर्ध्याच्या वर ग्रीस भरत नाही.

पण वंगण आणायच्या आधी पंखा काढून त्याच्या मागे बघा. आपल्याकडे पाण्यात जाळ्यांचा तुटलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, फार असतो. तो शाफ्टवर गुंडाळत जातो आणि सीलची कड कापतो. माझ्या शाफ्टवरून एकदा बोटभर जाडीचं कडं निघालं, इतकं घट्ट की ब्लेडने कापावं लागलं. सील कापलेलं असेल तर कितीही महागाचं ग्रीस घाला, आत पाणी जाणारच. सील बदला, मग पुढचं.

आता वंगण. कंपनीच्या पुस्तिकेत गिअर ऑईल लिहिलं असेल तर तेच, त्याच ग्रेडचं घाला. तिथे ग्रीस चालत नाही. पोलादी गिअरला ग्रीस सांगितलं असेल तर कॅल्शियम सल्फोनेटचं, २ नंबरच्या घट्टपणाचं घ्या. बंडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकात आपण भरतो ते लिथियमचं एपी-३ वाईट नाही, पण कायम पाण्याशी गाठ असेल तर कॅल्शियमवालं जास्त टिकतं आणि गंजही रोखतं. जुन्यावर नवं थापू नका. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. जुनं कापडाने पूर्ण पुसून काढा.

सिलिकॉन ग्रीसबद्दल खूप गैरसमज आहे. ते बहुतेक रबरी ओ-रिंगांना आणि सीलच्या कडेला उत्तम, रबर फुगत नाही. म्हणून लोक तेच गिअरमध्येही भरतात. पोलादी दातांवर जोर पडला की त्याचा थर टिकत नाही आणि दात झिजतात. नायलॉनचे गिअर असतील तर मात्र चालतं.

डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. अडकलेला बोल्ट सोडवायला मीही रोज वापरतो. पण गिअरमध्ये मारलं तर आतलं चांगलं ग्रीस धुऊन काढेल.

बाहेरच्या भागांना, म्हणजे पेडलचे बुश, उघडी साखळी, यांना जाड ग्रीस अजिबात नको. वैनगंगेच्या गढूळ पाण्यातला काळा गाळ त्याला चिकटतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. साध्या पाण्याने धुवा, वाळवा, एखादा थेंब पातळ तेल द्या, वरचं पुसून टाका.

आणि कोणी ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फुकट देत असेल तर घेऊ नका. त्यात धातूचा चुरा असतो, आणि गळलं की ते त्याच पाण्यावर पसरतं जिथे ढिवर बांधव मासे धरतात.

सगळं बसवल्यावर गिअरचा भाग पाण्याने भरलेल्या टबात बुडवून १०-१५ मिनिटं हाताने पेडल फिरवा. बुडबुडे किंवा तेलाची झाक दिसली तर सील पुन्हा काढा, कयाक पाण्यात नेऊ नका.