रेकॉर्डिंगमधली ती बाई कोण?

प्रश्न : तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. नात बंगळुरूला असते, तिच्यासाठी फोनवर गोष्टी रेकॉर्ड करायला घेतल्या. पण ऐकायला बसले की आवाज पातळ, चिरका, परक्या बाईचा वाटतो. यजमान म्हणतात, 'तुझाच तर आहे!' तीन गोष्टी पुसून टाकल्या. फोन बिघडलाय की माझे कान?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, चौथी गोष्ट कृपा करून पुसू नका.

आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून 'मऽऽ' म्हणून बघा. हवेची वाट बंद झाली, तरी आवाज गेला नाही. उलट डोक्यात घुमला, जड झाला. तो हाडांतून आला. आपण बोलतो तेव्हा गळ्यातली थरथर कवटीच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचते, आणि त्यातला खर्ज हाडं चांगला पोचवतात. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात मी ट्यूनिंग फोर्क (आपटला की घुमत राहणारा धातूचा दुबेळका काटा) वाजवून कानामागच्या हाडावर टेकवते, तेव्हा कानात मळाचा बोळा अडकलेल्या माणसाचीही 'येतंय ऐकू' म्हणून मान हलते.

गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञांनी (आतल्या कानावरच्या कामासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं) १९४९मध्ये याच विषयावर लिहिलं : स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि हाडांतून जवळपास सारख्याच जोरानं ऐकू येतो. माइकला मिळते ती फक्त हवेतली बाजू. जन्मभर ऐकलेला भरदारपणा गळाला, की आवाज परका वाटणारच. त्यात फोनचा चिमुकला स्पीकर उरलासुरला खर्ज खातो. हेडफोन लावून ऐकलंत तर थोडं बरं वाटेल.

यजमानांना मात्र तुमच्या हाडांतला आवाज कधी ऐकूच आलेला नाही. वर्गातल्या मुलांनाही नाही. नातीची आजी म्हणजे हवेतून येणारा हाच आवाज.

माझ्या आईचा आवाज आमच्याकडे एकाच कॅसेटवर आहे. चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगतेय : तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन... मधेच तिला आधीचं रेकॉर्डिंग ऐकवलेलं आठवतं. 'माझा आवाज कुठे असा आहे? बंद कर गं ते,' म्हणते. मी बंद केलं. उडदाच्या डाळीचं प्रमाण राहूनच गेलं.