बोट ट्रेलरवर तिरकी का बसते?

प्रश्न: काका, आम्ही ॲन अर्बरला राहतो. गेल्या वर्षी यांनी फ्लाइंग स्कॉट जातीची जुनी शिडाची बोट घेतली, शनिवारी पोर्टेज लेकला नेतो. पाण्यात सोडणं कसंबसं जमतं, पण परत ट्रेलरवर घेताना बोट दरवेळी तिरकी बसते. मग पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि मागे गाड्यांची रांग. गेल्या खेपेला मी ‘उजवीकडे, उजवीकडे’ ओरडत होते आणि ट्रेलर डावीकडे चालला होता. घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चुकतंय कुठे?

उत्तर: ताई, अबोल्याचं मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडेही झालंय. रँपवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या त्या उतारावर, उजवं-डावं म्हणूच नये. तुमचं तोंड गाडीकडे, त्यांची नजर आरशात, कुणाचं उजवं ते कुणालाच कळत नाही. आम्ही ‘धक्क्याकडे’ आणि ‘झाडाकडे’ म्हणतो. आणि यजमानांना सांगा, रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. रिकामा ट्रेलर आरशात दिसत नसेल तर मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्लास्टिकचे उभे पाइप बसवून घ्या. बोट मध्यावर आणायलाही तेच उपयोगी पडतात.

आता तिरकेपणा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझी खात्री आहे की तुम्ही ट्रेलर फार खोल नेता. सगळेच नेतात. जितकं खोल तितकी बोट अलगद येईल असं वाटतं, आणि येतेही. पण मग ती ट्रेलरच्या गालिचा लावलेल्या लांब फळ्यांवर टेकत नाही, वर नुसती तरंगत राहते. वाऱ्याची एक झुळूक आली की मागचा भाग फिरतो. तुम्ही गाडी पुढे घेता, पाणी ओसरतं, आणि ज्या कोनात बोट असेल त्याच कोनात ती फळ्यांवर बसते.

मी मूळचा हर्णैचा. लहानपणी होडी वाळूवर ओढताना खाली ओंडके टाकायचो, आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पहिल्या ओंडक्यावर टेकल्याशिवाय कुणी जोर लावलेला म्हाताऱ्या तांडेलाला खपत नसे. तुमच्या ट्रेलरच्या फळ्या म्हणजे तेच ओंडके. आधी फळ्या पूर्ण भिजतील इतकं मागे जा, कारण कोरड्या गालिच्यावर बोट सरकत नाही. मग गाडी थोडी पुढे घ्या, फळ्यांचा पुढचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर येईपर्यंत. आता बोट आणली की नाळ फळ्यांवर टेकेल आणि धरून राहील. उरलेलं अंतर विंचने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या हातरहाटाने, ओढायचं. चार हिसके जास्त लागतील, लागू देत. कुठे थांबलात ते चाकावरच्या पत्र्यावर पाण्याच्या रेषेला रंगीत टेप लावून ठेवा. रँपचा उतार बदलला की इंचभर इकडेतिकडे होईल, पण हर्णैसारखी भरती-ओहोटी इथे नाही, म्हणून खूण बरीच टिकते.

शिडं आधीच उतरवलेली हवीत. सेंटरबोर्ड, म्हणजे बोटीच्या तळातून खाली जाणारी फळी, पूर्ण वर. खाली असला तर तुमच्या बोटीला चार फूट पाणी लागतं, वर घेतला की आठ इंच. सुकाणू काढून आत ठेवा. एकाने नाळेचा दोर धरायचा, दुसऱ्याने धक्क्यावरून मागच्या कडीचा दोर, वारा जिकडून येतो त्या बाजूने. गाडीची मागची चाकं शेवाळाच्या वरच थांबली पाहिजेत.

सोडतानाचं थोडक्यात. सगळी तयारी वर पार्किंगमध्ये उरकायची: पट्टे सोडायचे, दिव्यांची वायर काढायची, दोर बांधायचा. विंचचा हूक मात्र पाण्यापाशी पोचल्यावरच. डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा, आणि उभी केल्यावर रँपपर्यंतच्या वाटेवरच्याही. तुमची डोलकाठी अठ्ठावीस फुटांची आहे, ट्रेलरवर तिचं टोक तिसाच्या वर जातं. एवढ्या वेळात हायवेवर तापलेल्या चाकांची बेअरिंगंही निवतात. तापलेली तशीच गार पाण्यात घातली तर ती पाणी आत ओढून घेतात आणि ग्रीस वाया जातं.

एक राहिलं, बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच. १९८८मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा नावाचे परके शिंपले सापडले आणि मग बोटींत उरलेल्या पाण्यातूनही ते सगळीकडे पसरले. त्यामुळे मिशिगनमध्ये २०१९पासून बोट रस्त्याने नेताना बूच काढून पाणी सोडून देणं कायद्याने सक्तीचं आहे. पाणवनस्पतीही ट्रेलरवरून सोलून टाका. कायदा चांगलाच आहे, पण त्याचा अर्थ असा की तुम्ही दरवेळी बूच नसलेली बोट घेऊन रँपवर येता. एका जून महिन्यात मी ती तशीच पाण्यात सोडली. डब्यातली थालीपिठं तरंगायला लागली तेव्हा कळलं. तेव्हापासून आमचं बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं. रिव्हर्स घ्यायला किल्ली फिरवली की ते बोटांना लागतं.