आपला डोंगर उलटा असतो

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. अजिंठ्याच्या रांगेतल्या हळद्याहून घाट उतरायचा, वेताळवाडीचा किल्ला करायचा आणि तसंच पळत परत वर यायचं, हा बेत मला आवडला. बूट कुठले, घड्याळ कुठलं, कुठल्या स्पर्धेत नाव घालू, हे तुझे तिन्ही प्रश्न थोडे मागं ठेवतो. त्याआधी एक गोष्ट तुझ्या डोक्यात पक्की बसायला हवी. तू ज्यांचे व्हिडिओ बघून सराव ठरवायलीस, ती माणसं सह्याद्रीत नाहीतर हिमालयात पळतात. त्यांचा हिशेब आपल्याकडं चालत नाही.

तिकडं माणूस सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दमला की उतरतो. दम सरला, पाणी संपलं, तर मागं फिरायचं. वाट आपोआप खाली जाते. गाव खाली, विहीर खाली, एसटीचा थांबाही खाली. आपल्याकडं, मराठवाड्यात, बऱ्याच ठिकाणी गाव वर असतं. अजिंठ्याची रांग आपल्या बाजूनं इतकी सावकाश चढत येते की तिला डोंगर म्हणावंसंही वाटत नाही. कन्नड-सिल्लोडच्या शेवटच्या शेताचा बांध ओलांडला की मग ती एकदम खानदेशाकडं तुटून पडते. कड्याच्या अलीकडचं पाणी गोदावरीला जातं, पलीकडचं तापीला. त्यामुळं आपण डोंगर चढत नाही, डोंगरात उतरतो. पितळखोऱ्याची लेणी बघायची तर पायऱ्या उतरून जायचं. जंजाळ्याच्या किल्ल्यावर गावातून जवळपास सपाटीनंच पोचतो, पण तिथली घटोत्कच लेणी बघायची तर कड्याखाली उतरावं लागतं. बालाघाटाच्या रांगेतही तेच. सौताड्याचं रामेश्वराचं देऊळ दरीच्या तळाशी आहे, येडशीचं रामलिंगाचंही खालीच. सुतोंड्याच्या किल्ल्यासारखे अपवाद आहेत. तिथं नायगावातून सरळ चढ लागतो. पण तुझा हळद्याचा बेत या उलट्या जातीतला आहे.

उलट्या डोंगराची गंमत अशी की पहिला तासभर तो फार लाड करतो. सकाळची हवा, मऊ ऊन, उतार. पाय आपोआप पडतात आणि तुला वाटतं, आज आपण फॉर्मात आहोत. त्यातून तू पोलीस भरतीसाठी ८०० मीटर मारलेली पोरगी. सुरुवातीपासून दाबून पळायची सवय तुझ्या अंगात मुरली आहे. मैदानावर ती कामाची. घाटात मात्र तीच तुला बुडवेल.

कारण नीट समजून घे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच जोर लावतो, दर पावलाला सगळं वजन झेलून थांबवतो. दम लागत नाही, म्हणून मेहनत कळत नाही, पण स्नायूच्या तंतूंची मोडतोड जास्त होते ती याच कामात. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, हे तू अनुभवलं असशील. ताकद मात्र त्याच दिवशी, तासा-दोन तासांतच कमी झालेली असते. सह्याद्रीतला गडी हा त्रास घेऊन घरी जातो. तुला तो त्रास घेऊन घाट चढायचाय, तोही ऊन डोक्यावर आल्यावर.

म्हणून उतरताना मुद्दाम सावकाश. लांब ढांगा टाकू नकोस. पाऊल छोटं, भरभर, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडलं पाहिजे. टाच पुढं रोवून ब्रेक लावत उतरलीस की गुडघ्याचं वाटोळं. नोकरीत मी जनावरांचा डॉक्टर म्हणून कन्नड-सोयगावचे तांडे आणि वाड्या पालथ्या घातल्या. कड्यावरून उतरणाऱ्या शेळ्या तेव्हा पोटभर बघितल्या आहेत. शेळी कधी धाडकन खाली येत नाही. तिरपी येते, मधे थांबते, पुढचा पाय ठेवून आधी दगड हलतो का बघते आणि मगच अंग पुढं टाकते. पुढच्या वेळी एखाद्या कळपामागं दहा मिनिटं उभी राहा, उतरण्याबद्दल सांगायचं ते सगळं तिथं दिसेल.

उतरणीला निघण्याआधी थांबून लेस पुन्हा बांध. घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून ओवून टाच मागं घट्ट बसव, म्हणजे बोटं पुढं आपटणार नाहीत. नखं आदल्या दिवशी कापलेली असू देत. डोंगरात पळणाऱ्यांची काळी पडलेली नखं बघून पोरं कौतुक करतात. मला त्यात नुसता आळस दिसतो.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा ठोकताळा दिला, तो अजून वापरतात: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढव. समज, एकूण वाट १२ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर. म्हणजे चालत तीन तासांच्या आसपास. पण हा स्कॉटलंडच्या थंडीतला हिशेब, बसण्या-थांबण्याची वेळ न धरता केलेला. आपल्याकडं त्यावर उन्हाचा आकार लागतो. शिवाय तुझ्या बेतात चढ एक नाही, दोन आहेत. घाट उतरल्यावर किल्ल्याचा, आणि परतताना घाटाचा. माझा नियम सोपा आहे. हातात असलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा खाली जायला, दोन हिस्से वर यायला. पाण्याचंही तसंच. तीन लिटर घेऊन निघालीस आणि एक लिटर संपलं, की जिथं असशील तिथून फिर. किल्ला समोर दिसत असला तरी. सोबतचे हसले तर हसू देत.

दरीत ऊन वेगळं लागतं, हेही लक्षात ठेव. ३०० मीटर खाली उतरलं की हवा तशीही साधारण दोन अंशांनी गरम होते. त्यात काळा बेसाल्ट सकाळपासून तापत असतो आणि कड्याच्या आडोशाला वारा नसतो. मार्च ते जून हा बेत करूच नकोस. मला सगळ्यांत आवडतो तो डिसेंबर. फक्त तेव्हा सूर्य सहाच्या आत मावळतो आणि दरीत अंधार त्याच्याही आधी पडतो, म्हणून उजाडताना निघायचं आणि दुपारच्या जेवणाआधी वर यायचं.

नुसतं पाणी ढोसू नकोस. तासन्‌तास घाम गाळून वर साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते तहान समजून आणखी पितो. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. घरचं ओआरएस झालं. एक बाटली त्याची, बाकी साधं. खायला शेंगदाणे, गूळ आणि आईच्या हातचा धपाटा. परदेशी जेलच्या पुड्यांवर पैसे घालवायचे तर घालव, पण कागद दरीत दिसला तर माझ्याशी गाठ आहे. सोबतचं कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो ऊन लागल्याचा धोका समज. सावलीत घे, उरलेलं सगळं पाणी अंगावर ओत, वारा घाल आणि १०८ लाव. दरीत रेंज नसेल तर एकानं वर पळायचं.

पावसाळ्यात सगळे धबधबे बघायला जातात, तूही जाशील. दरीच्या तळाशी उभी असताना डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. पाणी पठारावरून येतं. तुझ्याकडं कोरडं असेल आणि वर दोन गावं पलीकडं ढग फुटला असेल, तर ओढा तुला न सांगता येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं की ओढ्याच्या पात्रातून बाहेर.

आणखी एक. परतीच्या चढावर दमलेला माणूस हात टेकत चढतो, न बघता कपारीत हात घालतो. आपल्या खडकाळ मुलखात फुरसं असतं आणि ते दगडाखालीच बसतं. चढताना वेग गेला तरी चालेल, नजर जाऊ देऊ नकोस. चावलंच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, मांत्रिक तर नाहीच. हालचाल कमी ठेवायची आणि प्रतिसर्पविष असेल त्या सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर पोचायचं. कड्याला आणि लेण्यांना आग्या मोहोळं असतात. तिथं धूर नको, अत्तर-परफ्यूम नको, आरडाओरडा नको, आणि तुझ्या मित्रांचा तो ड्रोन अजिबात नको.

एकटी जाऊ का, असं विचारलंस. नको. मुलगी आहेस म्हणून म्हणत नाही. एकट्या पोरालाही मी हेच सांगतो. उलट्या डोंगरात घोटा मुरगळला तर लंगडत खाली जायची सोय नसते, चढावं लागतं, आणि ते एकट्याच्यानं होत नाही. दुसरं म्हणजे हळद्यात पोचल्यावर चूपचाप पळत सुटू नकोस. पारावरचं कुणीतरी विचारेलच, "कुठं निघालीस माय?" शहरातल्या पोरांना ही चौकशी टोचते. तू थांब, नीट उत्तर दे, कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजेपर्यंत येणार ते सांग. तू वेळेत आली नाहीस तर सगळ्यांत आधी त्याच माणसाच्या लक्षात येणार आहे. वाटेत गुराखी भेटला तर त्याला पाण्याबद्दल विचार. कुठलं टाकं डिसेंबरात भरलेलं असतं, कुठलं पाणी फक्त गुरांचं, हे तुझ्या मोबाइलमधल्या नकाशात नाही.

सरावाचं बोलू. शहरात राहून उलटा डोंगर कुठून आणायचा, तर गोगाबाबाची टेकडी पुरे. फक्त क्रम बदल. पोरं चढ-उतार करून खाली आली की सराव संपवतात. तू शेवट चढावर कर. मांड्या उतारानं थकल्यावर एक चढ आणखी, पळत नाही, हात मांडीवर टेकून दमदार चालत, बोलता येईल इतक्याच दमात. तीव्र चढावर चालणं म्हणजे हार मानणं नव्हे. लांबच्या शर्यतींत चांगले चांगले चालतात. उतारावरचं पळणं आठवड्यातून एकदाच आणि सुरुवातीला थोडंच. एकदा थोडं दुखून बरं झालं की स्नायू पुढचे काही आठवडे तसल्या माराला सरावलेला राहतो. ही निसर्गाची सवलत आहे, ती घे.

अविनाश साबळेचं नाव तू लिहिलंस. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटं ९.९१ सेकंद. अभिमान वाटतोच. पण लहानपणी तो रोज पायी शाळेत जायचा, आणि पळण्याकडं वळला तो सैन्यात गेल्यावर, २०१५ च्या सुमारास. त्या पायांत आधीची किती वर्षं साठलेली होती ते बघ आणि मग स्वतःला सहा महिन्यांची मुदत देणं थांबव.

आता तुझे तीन प्रश्न. बूट: रस्त्यावर पळायचे मऊ तळव्याचे बूट आपल्या मुरमाड उतारावर घसरतात, खाली खाचा असलेले घे, पुढं अंगठाभर जागा ठेव. पावसाळ्यानंतर वाळक्या गवताखाली गोटे लपलेले असतात, तिथं कुठलाही बूट वाचवत नाही. मोजे उंच घाल, कुसळं कमी लागतात. घड्याळ: आहे तेच वापर. कड्याखाली जीपीएसचे सिग्नल खडकावर आपटून येतात, तिथला वेग खोटा असतो, त्यावर जीव टाकू नकोस. स्पर्धा: पुढच्या वर्षी बघू.

डिसेंबरातला दुसरा रविवार धर. पहिली फेरी सगळी चालत करायची, पळायचं नाही. हळद्यात माझी जुनी ओळख आहे, तिथं गाडी लावायची सोय करतो. बाबांना "डोंगरात काय ठेवलंय" म्हणू देत, त्यांच्याशी मी बोलतो. पण त्याआधी सोबत येणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर मला पाठव.

तुझा,
काका