‘हॅमर्स स्लॅमर्स’वरची तुमची पत्रं

मागच्या अंकात मी डेव्हिड ड्रेक यांच्या ‘हॅमर्स स्लॅमर्स’ या इंग्रजी कथासंग्रहाची ओळख करून दिली होती. पुस्तक 1979 सालचं. कर्नल अलॉइस हॅमरची भाडोत्री टँक रेजिमेंट पैसे घेऊन वेगवेगळ्या ग्रहांवर लढते, त्या कथा. त्यावर आलेल्या पत्रांत राग आहे, प्रेम आहे, हिशेबसुद्धा आहेत. म्हणून हे सदर या वेळी त्याच पुस्तकाला दिलं आहे.

रिसालदारसाहेब, तुमच्या सांगण्यावरून पुस्तक मिळवून वाचलं. माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतात आणि लेखक एका शब्दानं हळहळत नाही. ज्यानं गणवेश घातला, त्याला असं पुस्तक कसं आवडू शकतं?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

ताई, हाच आरोप या पुस्तकावर अमेरिकेतही पहिल्यापासून होत आला आहे. त्यामुळे सविस्तर लिहितो.

ड्रेक ड्यूक विद्यापीठात कायदा शिकत होते, तिथून सक्तीच्या भरतीत उचलले गेले. 1970 साली ते 11व्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटबरोबर व्हिएतनाम आणि कंबोडियात होते. काम कैद्यांच्या चौकशीचं. घरी परतून त्यांनी शिक्षण पुरं केलं, चॅपल हिल या गावाच्या कारभारात सहायक वकील म्हणून नोकरी केली, पुढे ती सोडून काही काळ बस चालवली. 1974 मध्ये ‘गॅलेक्सी’ या अमेरिकन विज्ञानकथा मासिकात या मालिकेतल्या पहिल्या कथा आल्या, तेव्हा युद्धाहून परतून त्यांना फार वर्षं झाली नव्हती.

त्याच 1974 मध्ये जो हाल्डमन यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ कादंबरी पुस्तकरूपात आली. तेही व्हिएतनामहून जखमी होऊन आलेले. त्यांना नेब्युला आणि ह्यूगो असे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले आणि युद्धविरोधी लेखक म्हणून त्यांचं नाव झालं. ड्रेक मात्र अनेकांच्या लेखी युद्धाचे भाट ठरले. दोघं एकाच युद्धातून आले होते. फरक एवढाच, की हाल्डमन आपल्या नायकाला शेवटी घर देतात, जवळचं माणूस परत देतात, आणि वाचकाला श्वास घेता येतो. ड्रेक तो देत नाहीत. त्यांचं निवेदन टँकमधल्या जवानाच्या हॅचमधून, म्हणजे टँकच्या झाकणातून, बाहेर येतच नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं.

आणि टँकमधून फार थोडं दिसतं, ताई. हॅच बंद झालं की पेरिस्कोपच्या पट्टीएवढं जग उरतं. राजस्थानात महाजनच्या फायरिंग रेंजवर उन्हाळ्यात आत बसलेला गनर देशाचा विचार करत नसतो. घाम डोळ्यांत जाऊ नये, ड्रायव्हरनं झटका देऊ नये, कमांडरचा हुकूम नीट ऐकू यावा, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. ड्रेक यांनी हे जसंच्या तसं लिहिलं. हळहळ लिहिली असती तर ती लेखकाची झाली असती, त्या पोराची नव्हे.

‘कल्चरल कॉन्फ्लिक्ट’ ही कथा तेवढी पुन्हा वाचा. तुकडी तळ ठोकून कंटाळली आहे, कुणीतरी तिथल्या मूळ जिवाला गोळी घालतं, आणि त्यातून कुणाच्याही फायद्याचा नसलेला संहार पेटतो. यात युद्धाची आरती कुठे आहे? रिकामे हात, भरलेलं हत्यार आणि सैल पडलेला अधिकारी हे तिन्ही एकत्र आले की काय होतं, ते प्रत्येक रेजिमेंटचा जुना माणूस जाणतो. म्हणूनच आमच्याकडे रंगरूटाला रिकामं बसू देत नाहीत.

तुमची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. या कथांत मरणाऱ्या गावकऱ्यांना बहुतेक वेळा नाव नाही, चेहरा नाही. ही उणीव आहे आणि ती मला दर वाचनात टोचते.

आणखी एक. पुस्तकाला विज्ञानकथालेखक जेरी पूर्नेल यांची प्रस्तावना आहे, भाडोत्री सैनिक आणि लष्करी सद्गुण या विषयावर. ती आधी वाचली की पुढच्या कथा त्याच सुरात ऐकू येतात. माझं ठाम मत आहे की ती शेवटी वाचावी. पुढच्या एका एकत्रित आवृत्तीच्या पहिल्या खंडाला विज्ञानकथालेखक जीन वुल्फ यांची प्रस्तावना आहे. ते स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेले. मिळाल्यास ती आवृत्ती घ्या.

पुस्तकातला टँक 170 टनांचा आहे आणि हवेच्या गादीवर तरंगतो! आम्ही मित्र यावरून रात्रभर भांडलो. हे शक्य आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

बाळा, भांडण चांगलं आहे, पण कागदावर हिशेब मांडून भांडा. आपल्या फौजेतला टी-72 टँक साधारण 41 टनांचा. ट्रॅकखाली जमिनीवर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या वर जातो. आता समजा हॅमरच्या टँकचं पोट 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे. 170 टन 50 चौरस मीटरवर पसरले, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे 0.34 किलो. टी-72च्या निम्म्याहूनही कमी! चिखलात टी-72 रुतेल तिथून हा निघून जाईल.

अडचण दुसरीकडे आहे. खऱ्या हॉवरक्राफ्टच्या, म्हणजे हवेच्या गादीवर चालणाऱ्या वाहनाच्या, गादीतला दाब याच्या एक दशांशाच्या आसपास असतो. हॅमरच्या टँकखालची एवढ्या जास्त दाबाची हवा कडेनं सतत निसटत राहणार आणि पंखे ती सतत भरत राहणार. त्याला लागणारी ताकद आजच्या कुठल्याही टँक इंजिनाच्या आवाक्याबाहेरची. ड्रेक यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आत फ्यूजन भट्टी, म्हणजे अणूंच्या मीलनातून ऊर्जा देणारी भट्टी, बसवली. अमेरिकन नौदलाचं हॉवरक्राफ्ट साठेक टनांचा टँक किनाऱ्यावर आणून सोडतं, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही.

मला खरी भीती धुळीची आणि उताराची वाटते. वाळवंटात ट्रॅकवर चालणारा टँकसुद्धा मैलभरावरून धुळीनं ओळखू येतो. हा तर वादळ उठवत येईल. आणि ट्रॅक नसल्यावर डोंगराच्या कडेनं जाताना तो खाली घसरू नये म्हणून काय करणार? यावर तुमच्या गटानं विचार करून मला लिहा.

यंत्रांच्या या तपशिलाचं वेड तुमच्या एकट्याचं नाही. 1984 मध्ये मेफेअर या कंपनीनं या पुस्तकावर पटावरचा खेळ काढला होता, आणि लोक आजही या टँकच्या छोट्या प्रतिकृती रंगवून लढाया मांडतात. मात्र कथांच्या मधे जी छोटी टिपणं आहेत, त्यांतलं ‘बाँडिंग अथॉरिटी’वरचं टाळू नका. भाडोत्री सैन्य आणि गिऱ्हाईक यांच्यातला करार कोण पाळायला लावतो, ते तिथे आहे. तोफेपेक्षा ते महत्त्वाचं.

व्हिएतनाम युद्धावरून विज्ञानकथा लेखकांनीच एकमेकांविरुद्ध जाहिराती दिल्या होत्या, हे खरं का?
— वाचक, कोल्हापूर

हो. जून 1968च्या ‘गॅलेक्सी’मध्ये. युद्धाच्या बाजूनं सही करणाऱ्यांत रॉबर्ट हाइनलाइन, पोल अँडरसन, लॅरी निव्हन. विरोधात आयझॅक असिमोव्ह, रे ब्रॅडबरी, अर्सुला ली ग्विन, फिलिप डिक. ड्रेक यांच्या कथा त्याच मासिकात सहा वर्षांनी आल्या. त्यामुळे वाचक आधीच दोन छावण्यांत वाटले गेले होते, आणि नवा लेखक आला की तो कुठल्या छावणीतला, हे आधी विचारत होते.

रिसालदारकाका, माझे यजमान फौजेत आहेत, सध्या सीमेवर. सुट्टीत ते हे पुस्तक वाचत होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘तुला नाही कळणार.’ मी वाचू का? यात बायका आहेत का?
— वाचक, सातारा जिल्हा

वाचा, पोरी. नक्की वाचा. तो ‘कळणार नाही’ म्हणाला, कारण सांगायचं कसं हे त्याला सुचलं नसेल. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी घरी काहीच सांगितलं नाही. त्यात मीही आहे, आणि माझ्या बायकोला त्याचा किती त्रास झाला ते मी पाहिलं आहे.

सुरुवात ‘कॉट इन द क्रॉसफायर’पासून कर. त्यात मार्ग्रिट नावाची बाई आहे. तिच्या गावात दबा धरून बसलेले भाडोत्री सैनिक तिच्या नवऱ्याला मारतात, आणि त्यानंतर ती जे करते ते मी सांगणार नाही. या संग्रहात लढाईच्या वाटेत सापडलेल्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिलेली ही सर्वांत चांगली कथा आहे. नाशिकच्या ताईंनाही हेच सांगेन. मग ‘अंडर द हॅमर’ घे, पहिल्याच दिवशी लढाईत सापडलेल्या रंगरूटाची. ‘हँगमन’ लांब आहे, तिच्यात मार्ग्रिट पुन्हा भेटते. ती कथा निवांतपणे, दिवसा वाच.

यजमान पुढच्या सुट्टीत आले की त्यांना पुस्तक चांगलं की वाईट असं विचारू नकोस. यातला कोण तुमच्या ओळखीचा वाटला, असं विचार. मग ते बोलतील तेवढं ऐक. आणि मार्ग्रिटनं केलं ते तुला पटलं की नाही, हे मला पत्रानं कळव. पटलं नसेल तर अवश्य कळव, ते पत्र मी पुढच्या अंकात छापायला देईन.