पॅपिलाच्या पेशी वाढवताना

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. पहिल्या सहा महिन्यांत कोटीभर पेशी वाढवायच्या, असं लिहिलं आहेस. तो आकडा खोडून टाक. डर्मल पॅपिलाच्या, म्हणजे केसाच्या मुळाशी बसून केस उगवायला लावणाऱ्या पुंजक्याच्या, पेशी फ्लास्कमध्ये वाढतात, पण सपाट पृष्ठभागावर पसरल्या की वरच्या त्वचेला केस तयार करायला लावण्याची त्यांची ताकद पॅसेजगणिक, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून नव्या फ्लास्कमध्ये नेण्याच्या प्रत्येक फेरीत, कमी होते. चार-पाच पॅसेजनंतर हाती उरतात ते जवळपास साधे फायब्रोब्लास्ट, त्वचेतल्या आधार-ऊतीच्या सामान्य पेशी. म्हणून दर पॅसेजला अल्कलाइन फॉस्फटेजचा, म्हणजे ही ताकद शाबूत असल्याची खूण असलेल्या एन्झाइमचा, रंग करून बघ. रंग फिका पडला की ती बॅच पुढे नेऊ नकोस, मग फ्लास्क कितीही भरलेला असो.

नमुना केसरोपणातून उरलेल्या फॉलिकलचा (केसाच्या मुळाच्या पिशवीचा) घे, अर्थात एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी. मुळाकडचा भाग शाबूत हवा आणि केस वाढीच्या अवस्थेतला हवा. गळायला आलेल्या केसाचा गड्डा बारीक असतो, त्यात पॅपिला सापडता सापडत नाही. नाशकातच गंगापूर रोडवरून सातपूरला आणायचा असला तरी नमुना थंड मीडियममध्येच (पेशींच्या पोषक द्रवात) ठेव. फक्त ट्यूब बर्फात थेट खुपसू नकोस. गोठलं तर पेशी फुटतात.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली गड्डा उलटा कर, सुईने पॅपिलाचा देठ काप. 35 मिमी डिशच्या तळावर सुईने ओरखडा काढ आणि पॅपिला त्यात दाबून बसव. मीडियम बेताचंच घाल: डीएमईएम हा तयार पोषक द्रव, त्यात सुरुवातीला 20 टक्के सीरम. आता सात ते दहा दिवस डिशला हात लावायचा नाही. रोज काढून बघण्याची खोड नडते. पॅपिला सुटून तरंगली की पेशी बाहेर येत नाहीत. फरसबंदीसारख्या चिकटून वाढणाऱ्या पेशी दिसल्या तर केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी, सोबत आले आहेत, म्हणजे कापणी नीट झाली नाही.

पावसाळ्यात बुरशी फक्त द्राक्षबागेतच येते असं समजू नकोस. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला बदल, तेही निर्जंतुक. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जीवाणू मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, त्यासाठी पीसीआर ही डीएनए शोधणारी चाचणी कर.

आता मुख्य काम. पेशींना पुन्हा गोळा व्हायला लाव. 2013 मध्ये हिगिन्स, जहोदा आणि क्रिस्टियानो या संशोधकांनी सुमारे 3000 पेशींचा 10 मायक्रोलिटरचा थेंब डिशच्या झाकणावर उलटा टांगला. अशा गोळ्यांत हरवलेल्या जनुकीय ओळखीचा सुमारे 22 टक्केच भाग परत आला, तरी माणसाच्या केसविरहित त्वचेत घालून ती उंदरावर बसवल्यावर सातपैकी पाच दात्यांच्या पेशींनी केस आणले. खालच्या डिशमध्ये पीबीएस (क्षारांचं द्रावण) घालायला विसरलीस तर थेंब सुकतील. झाकण झटक्यात उलटलंस तर ते एकमेकांत मिसळतील. पेशी वाढवून गोळा मोठा करायचा मोह टाळ, ऑक्सिजन न पोचल्याने मधला भाग मरतो.

केसाची दिशा, रंग आणि वाढ-गळतीची पुढची चक्रं अजून कुणाच्या पूर्ण ताब्यात नाहीत. त्यामुळे नातेवाईक टक्कल दाखवून विचारतील तेव्हा सरळ सांग की हे काम प्रयोगशाळेतलं आहे, आणि टकलावर टोचतात ते पीआरपी म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट, स्टेम सेल नव्हेत.

आणि पहिल्या पॅसेजच्या तीन-चार वायल (छोट्या कुप्या) 10 टक्के डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशी वाचवणारा द्रव, घालून लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेव. रात्री वीज गेली आणि इन्क्युबेटर थंड पडला, तर काम तिथूनच उचलता येईल.