पेन खाली ठेव

बेटा,

'सर, काहून रागावली असंल ती?' असं विचारलंस म्हणून लिहितो. तू तपासून दिलेल्या तिच्या निबंधाच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे तुझं. पण पानभर लाल शाई, आणि तिसऱ्या परिच्छेदात काय आहे? व्यापारी मुठीत कापूस दाबून 'ओला आहे' म्हणतो, आणि तिची आई काट्याकडं न बघता त्या मुठीकडं बघत राहते. निबंध तिथंच आहे, अख्खा! तू ते खोडून 'शेतकऱ्यांची पिळवणूक होते' असं लिहून दिलंस. हे वाक्य तुझं झालं, तिचं कुठं राहिलं?

पेन खाली ठेव. आधी तिला विचार. व्यापाऱ्यानं भाव काय दिला? 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढं माल घेत नाहीत. मग आईनं कापूस केंद्रावर का नेला नाही? गाडीभाडं? व्यापाऱ्याची उचल? सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव? हे तिला माहीत आहे, तुला नाही, मलाही नाही. विचारलं असतंस तर सांगता सांगता तिचा चौथा परिच्छेद तयार झाला असता.

सर वह्या तपासत नाहीत, अशी माझ्याबद्दल कायम ओरड असायची. तपासणीला येणारे लाल खुणा शोधायचे. मी पोराला शेजारी बसवून त्याचाच निबंध मोठ्यानं वाचायला लावायचो. जिथं अडखळला, तिथं काय बिघडलंय ते त्याचं त्यालाच कळायचं. अभ्यासक्रम मागं पडायचा. पडू दे! आजही तेच करीन. खंत एवढीच, की स्टाफरूममध्ये हे कधी ठणकावून बोललो नाही.

'मग चुका तशाच सोडायच्या का?' विचारशीलच तू. अगं, जो परिच्छेद उद्या जाणार, त्याची वेलांटी आज कशाला सुधारतेस? तिचा पहिला परिच्छेद, कृषिप्रधान देश वगैरे, जाणारच आहे. पण तो तिनं काढायचा, तू नाही. पेन तिच्या हातात. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, दोघींनी मिळून.

माफी-बिफी मागत बसू नकोस. 'त्या मुठीपाशी मी थांबले, पुढं काय झालं?' एवढंच विचार आणि गप्प बस. तुला गप्प बसणं जड जातं, ठाऊक आहे मला. शनिवारी निबंध द्यायचाय ना? मग आज संध्याकाळीच तिच्या घरी जा.

तुझा सर