सांस्कृतिक भूगोल आणि पर्यटन यांचा संबंध काय? मराठवाड्यातलं उदाहरण द्याल का?

माणसांनी एखाद्या जागेला अर्थ का आणि कसा दिला हे सांस्कृतिक भूगोल सांगतो. पर्यटक तोच अर्थ बघायला येतो. मी बारावीला भूगोल शिकवतो आणि त्यासाठी दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ या रस्त्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचे, जाड, सलग थर होते म्हणून कैलास लेणं एकाच कातळातून वरून खाली कोरत आणता आलं. त्याच खडकाचा कडा तासून देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, अभेद्य केला. जुन्या व्यापारी वाटेमुळे राजे आले, सूफी आले. आज लेणी, घृष्णेश्वर, दर्गे आणि किल्ला एका दिवसात पाहून होतात, पण गाइडने हा धागा सांगितला नाही तर नुसते फोटो उरतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक मात्र लक्षात घ्या: प्रत्येक प्रवासी पर्यटक नसतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारा माणूस कुलाचार पाळत असतो. त्याला प्रेक्षणीय स्थळ नको, चालायला नीट वाट, पाणी आणि सावली हवी. नियोजन करताना हा फरक आधी धरायला हवा.